डाव्या डोळ्याच्या पापण्या

रविवारी सकाळचे नऊ वाजले की त्या दुमजली घराच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. रांग फाटकाबाहेर पडून पिठाच्या गिरणीपर्यंत पोचायची. तापात भुवया झडलेल्या बायका, पार्लरमध्ये वर्षानुवर्षं कोरून घेऊन आता रेघही न उरलेल्या बायका, आणि पापण्यांचे केस गेले म्हणून घरातही काळा चष्मा लावणारे एकदोन पुरुष, मान खाली घालून. सगळ्यांना अंजनअक्कांचं तेल हवं होतं.

अक्का वरच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत, उंच पाठीच्या खुर्चीत बसत. समोरच्या टेबलावर करंगळीएवढ्या बाटल्या मांडलेल्या. शेजारी एक स्टूल आणि स्टुलावर त्यांची सून.

"पापणी म्हणजे काय?" अक्का विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, "पापणी म्हणजे डोळ्याचं कुंपण. कुंपण मोडलं की काय काय आत शिरतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. एकवीस दिवस मी मौनात होते. बाविसाव्या दिवशी पहाटे भिंतीवर ज्योत दिसली. ज्योतीला पापण्या होत्या. तिने एकदा डोळा मिटला, आणि उघडला तेव्हा माझ्या हातात हे तेल होतं."

ज्योतीला पापण्या कशा असतील, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याची सोय अक्कांनी आधीच करून ठेवली होती. "ज्याच्या मनात संशय, त्याच्या भुवईला केस नाही," असं त्या दर दहा मिनिटांनी म्हणत. म्हणजे गुण आला तर तेलाचा, नाही आला तर दोष तुमच्या मनाचा. ज्यांना काहीच उगवलं नाही त्यांनी गुपचूप घरी बसायचं, कारण तक्रार करणं म्हणजे आपलं मन काळं आहे हे चारचौघांत कबूल करणं.

"आणि ही माझी सून," अक्का हात करत. "या घरात आली तेव्हा हिचं कपाळ कुठे संपतं आणि डोळे कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. आता बघा. हात लावून बघा."

लोक हसत. सूनही हसे, कारण तसं सांगितलेलं होतं. मग एकेक बाई पुढे येऊन तिच्या भुवईवरून अंगठा फिरवी. कोणी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवी, कोणी केस खरा आहे की चिकटवलेला, हे बघायला पापणी चिमटीत धरून हलकेच ओढी. रविवार संपेपर्यंत शे-दीडशे अंगठे तिच्या चेहऱ्यावरून गेलेले असत. स्टुलाला पाठ नव्हती. खिडकी अगदी हाताशी होती, पण बाहेर बघितलं की अक्का म्हणत, "समोर बघ, लोकांना डोळे दिसू देत."

लग्नाच्या दोन महिने आधी ती तापाने फणफणली होती आणि भुवया जवळजवळ गेल्या होत्या. सासरी आल्यावर तेल लावलं आणि भुवया आल्या, इतकं खरं होतं. पहिलं वर्षभर ती मनापासून मानत होती. दुसऱ्या वर्षी पापण्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या, एकदोन तर वळून बुबुळाला टोचत. पापण्यांच्या कडा काळ्या पडल्या. डोळे संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे. अक्का दर रविवारी स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यांभोवती पावडर थापत आणि म्हणत, "डॉक्टरकडे कशाला? अंजनअक्काची सून दवाखान्यात दिसली तर लोक काय म्हणतील?" माहेरी जायचं तर रविवार चुकतो. शेजारी बसायला गेली तर तोंडातून काही भलतं निघेल, ही अक्कांची धास्ती. असं करत करत तिला घरातून बाहेर पडायचं एकच कारण उरलं होतं, खाली कोपऱ्यावरच्या शिवणवालीकडे कपडे टाकायचे आणि आणायचे.

ही शिवणवाली एकटी, एका मशीनवर पोट भरणारी. तिच्या पापण्या मुळातच विरळ. सुनेचा चेहरा रोज बघून बघून एक दिवस तिनेही तेल नेलं. "तुमच्यावर भरवसा ठेवून घेतेय हं, ताई," ती म्हणाली होती.

सासऱ्यांना, अप्पांना, डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. महिन्यातून एकदा मुलगा त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेई. मुलगा औषधांच्या घाऊक दुकानात कामाला होता. दुकानात दोन महिन्यांपासून मालाची मोजणी चालू होती, त्या महिन्यात त्याला सुट्टी मिळेना, आणि तारीख टाळता येईना. अक्कांनी बराच वेळ विचार केला आणि सुनेला सांगितलं, "जा घेऊन. पण तू बाहेरच बाकावर बस."

बाहेर बसायची वेळच आली नाही. अप्पांना एकट्याने आत चाचपडताना बघून डॉक्टरीणबाईंनी तिलाही आत बोलावलं. डाव्या डोळ्यातला दाब तपासून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"दाब वाढलाय. थेंब रोज घालता ना?"

"रोज रात्री," अप्पा म्हणाले. "ही घालते. एक दिवस चुकलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग पाहतच राहिल्या. "तुम्हालाही काचबिंदू आहे का?"

"मला? नाही."

"मग हे थेंब तुम्हाला कोणी दिले?"

"मी थेंब घालत नाही. मी फक्त तेल लावते. घरचं."

डॉक्टरीणबाईंनी दिवा तिच्या चेहऱ्याकडे वळवला, पावडर कापसाने पुसली, आणि मग अप्पांची हनुवटी धरून त्यांचं तोंड तिच्यासमोर आणलं. "यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या बघा आणि मला फरक सांगा."

सून गेली दोन वर्षं रोज रात्री त्या डोळ्यात थेंब घालत होती, पण खालची पापणी ओढून थेंब सोडायचा, एवढंच तिने पाहिलं होतं. आता तिने नीट पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पापण्या म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा, चार पांढरे आखूड केस. डाव्या डोळ्याच्या काळ्याभोर, लांब, दाट. कडा काळवंडलेली. आरशात तिला रोज दिसायचा तोच डोळा.

"या थेंबांनी पापण्या वाढतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधाच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. आम्ही रोज बघतो, त्यात नवल काही नाही. तुमच्या तेलात हे कोणीतरी मिसळतंय."

"पण माझ्या भुवया तेलाने आल्या."

"त्या कशाने गेल्या होत्या?"

"तापाने."

"मोठ्या तापानंतर केस गळतात आणि चार-सहा महिन्यांनी आपले आपण येतात. पाणी लावलं असतं तरी आले असते." मग त्या सावकाश म्हणाल्या, "हे तपासणीशिवाय डोळ्यांजवळ लावणं बरं नाही. कोणाच्या डोळ्याला आतून सूज येते. तेल ताबडतोब बंद करा. आणि अप्पा, तुमची ही थेंबांची बाटली ठेवून जा, मी नवी देते. या औषधाने दाब उतरायला हवा होता."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. दोन थांबे गेल्यावर अप्पा म्हणाले, "एक बाटली महिनाभर पुरते, सूनबाई. गेले दोन महिने माझी बाटली संपतच नव्हती."

तिने पिशवीतली नवी बाटली चाचपली.

"त्याला दुकानातून थेंब आणायला जमेनासं झालं असेल," अप्पा पुढे म्हणाले. "मग माझ्या बाटलीतलं काढून घ्यायचं आणि वरून उकळलेलं पाणी घालायचं. मला शंका होती. विचारलं असतं तर घरात राहणं कठीण झालं असतं. या वयात कुठे जाऊ?"

आपण एकट्याच त्या घरात अडकलो आहोत, असं तिला इतके दिवस वाटत होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सरळ विचारलं. त्याने नाकारलं नाही, आवाजही चढवला नाही. "आईने अप्पांचा डोळा बघितला आणि तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या कोणाच्या आलं असतं का? एरंडेलात चार थेंब. लोकांना केस येतात, ते खूश. यात फसवणूक कुठे आहे?"

"मग बाटलीवर तसं लिहा."

"लिहिलं तर कोण येईल?"

"आणि अप्पांचा डोळा?"

त्याने खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, "मोजणी संपली की मिळेल माल. तू रविवारी स्टुलावर बस, नाहीतर तुझ्या भावाच्या एका खोलीच्या घरात तुला जागा मिळते का ते बघ." हेही त्याने शांतपणेच म्हटलं.

तिला राग आला तो पुढच्या विचाराने. अक्कांची नजर किती तीक्ष्ण होती. डॉक्टरीणबाईंना शिकून जे कळलं ते या बाईला संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडाकडे बघून कळलं होतं. त्यांनी बघितलं अगदी बरोबर, आणि सांगितलं खोटं.

रविवारी ती स्टुलावर बसली. दुसरं काय करावं ते तिला सुचलंच नव्हतं. ज्योत दिसली, डोळा मिटला, तेल हातात आलं, हसायच्या जागी लोक हसले. अंगठे फिरू लागले. दहा-बारा बायकांनंतर शिवणवाली समोर आली. तिचा एक डोळा लालभडक होता आणि उजेड सहन होत नव्हता म्हणून ती पदराने झाकून घेत होती.

"अक्का, चार दिवस सुई ओवता येत नाही. धूसर दिसतं. कामं परत जातायत."

"आतलं विष बाहेर पडतंय," अक्का म्हणाल्या. "थांबायचं नाही. आजपासून दोन वेळा लाव."

शिवणवालीने सुनेकडे पाहिलं. काही विचारण्यासाठी नव्हे, नुसता धीर मिळावा म्हणून.

"लावू नका," सून म्हणाली.

खोलीत कोणाला नीट ऐकू गेलं नाही. ती स्टुलावरून उतरली. "ताई, लावू नका. यात काचबिंदूच्या औषधाचे थेंब आहेत. माझ्या भुवया तापातून उठल्यावर आपोआप आल्या. पापण्या त्या औषधाने वाढल्या, आणि त्यानेच माझे डोळे असे झालेत." तिने पदराने डोळ्यांभोवतीची पावडर पुसून टाकली.

अक्का हसल्या. "हिला संशयाने धरलंय. बघा हं, आता हिचेच केस गळतील. काय पुरावा आहे तुझ्याकडे?"

तिच्याकडे पुरावा नव्हता. थेंबांच्या बाटल्या कुलपात होत्या, नवरा दारात उभा होता, आणि रांगेतल्या बायका तिच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. कोणीतरी म्हणालं, "सासूवर असा सूड उगवतात होय?"

तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरकला. अप्पा भिंतीला धरून आले आणि रिकाम्या स्टुलावर बसले.

"मी आयुष्यात हे तेल लावलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदूचे थेंब पडतात. उजव्यात पडत नाहीत. हात लावून बघा."

रांगेतली सगळ्यात पुढची, एका शाळेत शिकवणारी बाई, पुढे आली. तिने अप्पांचा चष्मा काढला, तोंड खिडकीकडे वळवलं, एक डोळा बघितला, दुसरा बघितला. पुन्हा पहिला बघितला. मग बाजूला झाली आणि मागच्या बाईला म्हणाली, "तुम्ही बघा." त्या दिवशी सगळी रांग अप्पांसमोरून गेली. अक्का मध्ये दोनदा ज्योतीबद्दल बोलायला लागल्या, पण त्यांच्याकडे कोणी पाठ करून उभं होतं, कोणी खाली उतरत होतं.

खोली रिकामी होताना एका बाईने सुनेला हळूच विचारलं, "पण त्या थेंबांचं नाव काय म्हणालात?"

"ते डॉक्टरांना विचारा," सून म्हणाली. "डोळे तपासून ते सांगतील, तुम्हाला चालतील की नाही."

शिवणवालीला ती त्याच दुपारी दवाखान्यात घेऊन गेली. डोळ्याला आतून सूज होती. उतरायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस शिवणवालीची सरळ शिवण सून घालून देत होती. डॉक्टरीणबाईंनी अप्पांची ठेवून घेतलेली बाटली तपासायला पाठवली, घाऊक दुकानात मोजणी जुळेना, आणि नवऱ्याची नोकरी गेली. अक्कांनी बहिणीच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला, नवं स्टूल मांडलं म्हणतात. सून अजून त्याच घरात आहे. नवरा तिच्याशी कामापुरतं बोलतो, दार वाजलं की ती कोणाशी काय बोलेल या धास्तीने तिच्याआधी तो उठतो. सोपं काहीच झालं नाही. अप्पांचा दाब उतरला, पण गेलेली नजर परत येत नाही. सुनेच्या पापण्या तीन महिन्यांत पहिल्यासारख्या साध्या झाल्या. भुवया मात्र तशाच राहिल्या, कारण त्या तिच्याच होत्या.

केस उगवले म्हणजे चमत्कार झाला असं नसतं. काहीतरी घडलेलं असतं, आणि जे घडतं त्याला कारण असतं. तेव्हा कोणी बाटली पुढे केली तर तिच्यात काय आहे ते विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका. आणि विचारलंत म्हणून तुमच्या मनातच दोष काढला, तर तिथून उठा, मागे रांग कितीही मोठी असली तरी.