डब्यातले सर

भल्या सकाळी आमचा दादा आणि शेजारचा भोंगा बांधावर भांडायला उभे राहिले. भोंगा कानात कुजबुजला तरी पलीकडच्या रानातली गुरं माना वर करतात, म्हणून तो भोंगा.

"रोज थोडा थोडा बांध कोरतोस. पुढच्या वर्षी माझ्या अंथरुणात नांगर घालशील," भोंगा म्हणाला.

"अंथरूण माझ्या रानात आलं तर घालीनच की," दादा म्हणाला.

शाळा बांधाला लागूनच. आत माझी वहिनी शिकवत होती. म्हणजे शिकवत नव्हती, तिला तशी सक्त ताकीद होती. शिक्षण खात्याच्या ऑफिसनं एक बोलका डबा पाठवला होता आणि मुलांना त्यातून पॉडकास्ट ऐकवायचं फर्मान काढलं होतं. डब्यात एक सर होते. शेतातल्या गणितावर भागांमागून भाग बोलायचे, पण आवाजावरून त्यांच्या चपलेला कधी चिखल लागला असेल असं वाटत नव्हतं. "बालमित्रांनो, चला, आज क्षेत्रफळाच्या रम्य प्रवासाला निघू या," असं ते मधाळ सुरात म्हणायचे. मागे बासरी वाजायची. लगेच पुढची बाकं प्रवासाला निघायची, घोरत.

डबा किती वेळ चालला ते ऑफिसला परस्पर कळायचं. वेळ कमी भरला तर वहिनीची हंगामी नोकरी जाणार, पुरेसा भरला तर ती कायम होणार. त्यामुळं भाग संपला की पुढचा लावायला तिनं मला बसवलं होतं. घरात रिकामा असा मीच होतो.

त्या दिवशी भोंग्याचा आवाज चढला आणि झोपलेली मुलं खडबडून उठून खिडकीला लटकली.

"बाई, दादांनी खरंच किती बांध खाल्ला?" एकीनं विचारलं.

वहिनीनं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "भावजी, हा बंद पडू देऊ नका," असं म्हणून तिनं सुतळीचा गुंडा उचलला आणि अख्खा वर्ग बांधावर नेला.

दोन्ही टोकांचे हद्दीचे दगड जागेवरच होते. मुलांनी त्यांच्यामध्ये सुतळी ताणली. ढेकळांत बसून त्रिकोण आखले, पाया मोजला, उंची मोजली. दादा आणि भोंगा आपापल्या बाजूनं त्यांचे कान भरत होते. शेवटी हिशेब असा निघाला, की वरच्या अंगाला दादानं जेवढं खाल्लं, तेवढंच खालच्या अंगाला भोंग्यानं. दोघांची तोंडं उतरली.

"मग इतकी वर्षं आपण भांडलो कशाला?" भोंगा म्हणाला.

"मुलांची सोय झाली," वहिनी म्हणाली. "आता विहिरीवर चला. पाणी किती आहे, यावर तुमचं पटत नाही ना?"

तेव्हापासून वर्ग रोज बाहेर. आत फक्त सर, मी आणि रिकामी बाकं. बाकं मन लावून ऐकायची.

अशात एके दुपारी न कळवता ऑफिसचे साहेब आले. वहिनीची नोकरी आता माझ्या भरवशावर होती, आणि माझ्या भरवशावर आजवर घरात कुणी दूधसुद्धा तापत ठेवलेलं नाही.

"मुलं कुठंयत?"

"ऐकलेलं जिरवायला गेलीत, साहेब. येतीलच. तोवर तुम्ही ऐका. हा भाग तर फारच रसाळ आहे."

साहेबांना नाही म्हणता येईना. हा कार्यक्रम त्यांनीच आणला होता. ते टेकले. सर म्हणाले, "बालमित्रांनो." बासरी वाजली. साहेबांची मान आधी डावीकडं गेली, मग उजवीकडं, मग छातीवर उतरून कायमची स्थिरावली. मी पुढचा भाग लावला. त्याच्या पुढचाही लावला. मुलं परत आली, चिखलाचे पाय पुसून बाकांवर बसली आणि साहेबांकडं बघून त्यांनी आपणहून तोंडावर बोट ठेवलं.

डबा थांबल्यावर साहेब दचकून जागे झाले. समोर भरलेला वर्ग, टकटकीत डोळे, चिडीचूप. त्यांनी घसा खाकरला.

"ऐकण्याच्या वेळेत तुमची शाळा सगळ्यांच्या पुढं आहे, बाई. हे जमवलंत कसं?"

"काही नाही, साहेब. सर बोलत असले की मी मुलांना मध्ये येऊ देत नाही."

साहेबांनी मान डोलावली. वहिनी कायम झाली. आता आसपासच्या शाळांतले मास्तर तिच्याकडं शिकायला येतात. ती त्यांना डब्यासमोर बसवते आणि मुलांना घेऊन रानात जाते.