जोडावरचा डोंगर

किल्ली अजून तेलकट होती. अंगठ्याच्या पेराएवढी, पितळी, एका कडेला उंचसखल दाते, आणि धरायच्या बाजूला गोल भोक, ज्यातून तिनं सकाळी निघता निघता लाल दोरा ओवला होता. ब्युरेटच्या खालच्या पांढऱ्या फरशीवर ती ठेवणं चूक होतं. प्रयोगशाळेत खिशातली वस्तू टेबलावर यायची नसते, हे तिनंच इतरांना शंभरदा सांगितलं होतं. पण कुलूप कालच घेतलेलं, आणि निघायला उरलेले दिवस इतके थोडे की ते मोजायचीही तिला भीती वाटत होती... मोजलं की मोडतं, अशी एक अगदी अशास्त्रीय भीती. म्हणून ती नुसती किल्लीकडे बघत होती. बघता बघता डाव्या हातानं ब्युरेटची तोटी फिरवत होती, उजव्या हातानं शंकुपात्र गोल गोल हलवत होती, आणि पात्रातलं पाणी अजून द्राक्षाच्या दारूसारखं लाल होतं.

ते पाणी तळ्याचं होतं. डोंगराच्या पलीकडच्या तळ्याचं.

गेली कित्येक वर्षं दर महिन्याला खोक्यातून बाटल्या येत — विहिरींच्या, नळांच्या, नदीच्या — आणि त्यांत एक बाटली त्या तळ्याची. तिला ती चिठ्ठी न वाचताही ओळखू येई, कारण ब्युरेट उघडून थोडे थेंब पडले की लाल जाऊन निळं होई. इतकं मऊ पाणी, क्षार म्हणजे नावालाच. या पाण्यात केस धुतले तर फेस आवरता आवरणार नाही, असं तिला दर वेळी वाटे. त्यात काय काय विरघळलं आहे हे तिला दशांशापर्यंत माहीत होतं. काठावर झाडं आहेत की खडक, हे माहीत नव्हतं. रंग या रकान्यात ती दर महिन्याला ‘रंगहीन’ असं लिहीत आली होती.

आणि आता ते तळं दिसणार होतं! मी ते बघणार आहे, तिनं मनात म्हटलं. तिनं प्रवास पुन्हा एकदा पहिल्यापासून मनात चालवायला घेतला, जसा ती हल्ली भांडी घासताना, दात घासताना, सिग्नलला थांबलेली असताना चालवायची. पहाटे निघायचं. दातवाली मैत्रीण सायकलवर पुढे, मी मागे. सपाटीचा रस्ता, मग पूल, मग चढ सुरू होतो तो रबराच्या कारखान्यानंतर; दुसऱ्या संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी. तिथे आमचे तिसरे गडी, मास्तर, बसनं येऊन थांबलेले असतील. सायकली कुलूप लावून ठेवायच्या — हेच कुलूप — किल्ली खिशात. मग चालायचं. जंगल, मग गवत, मग नुसता दगड. माथ्याखालच्या निवाऱ्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी खिंडीतून पलीकडे उतार, उतार, उतार, आणि तळं. पाण्यात हात घालायचा. मग खिशात हात घालायचा, किल्ली काढायची, आणि नदीकाठच्या रस्त्यानं सायकलवरून...

तिचा हात थांबला.

किल्ली खिशात. किल्ली तळ्याकाठी. आणि सायकल?

सायकल डोंगराच्या अलीकडे.

तिनं पुन्हा सुरुवातीपासून प्रवास केला — पूल, कारखाना, पायथा, कुलूप — आणि पुन्हा तळ्याकाठी येऊन, ओल्या हातात किल्ली घेऊन, मोकळ्या काठावर उभी राहिली. मग ती हसली. मोठ्यानं, एकटीच, तोंडावर हात ठेवायचं भान न राहता. शेजारच्या टेबलावर माती तपासणाऱ्या सहकारी बाईंनी चाळणी खाली ठेवली.

“काय गं, पाण्याला पाय फुटले की काय?”

“नाही, मला फुटायचे आहेत,” ती म्हणाली, आणि पात्राकडे बघितलं. निळं. केव्हाच निळंशार. शेवटचा थेंब कधी पडून गेला हे तिला कळलंच नव्हतं; तिच्या हातून असं क्वचितच होई. तिनं ते पाणी ओतून दिलं, पात्र धुतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पण हे घडलं कसं? तिघांनी मिळून? दातवाली दातांची डॉक्टर, रोज मिलिमीटरमध्ये काम करणारी. मास्तर जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. आणि मी — मी तर दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवर पगार घेते. पण कामं वाटून घेतली होती ना... रस्ते तिच्याकडे, डोंगर दातवालीकडे. मास्तरांना सायकल येतच नव्हती — तोल मला फक्त समीकरणात जमतो, ते म्हणत — त्यामुळे सायकलींचं पुढे काय होतं हा प्रश्न त्यांना पडायचं कारणच नव्हतं. शिवाय तो डोंगर नकाशाच्या दोन तावांच्या बरोबर जोडावर येत होता. अर्धा या तावावर, अर्धा त्या. तिनं निळ्या पेन्सिलीनं एका तावावर जायचा रस्ता काढला, दुसऱ्यावर यायचा, दातवालीनं लाल पेन्सिलीनं मधला डोंगर जोडला, आणि मास्तरांनी चष्मा वर करून ते सगळं न्याहाळलं आणि म्हणाले होते, “व्वा पोरींनो! बंद वक्र. कुठेही फट नाही.” तिघांनी त्यावर चहा प्यायला होता.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. सामान बांधायला मोठी पिशवी सापडली, असं तो उत्साहानं सांगत होता.

“आणि ऐक, पंक्चरचं सामान तू घे. ती दातवाली विसरेल.”

“ती काही विसरत नाही.”

“बरं बाई. तिघं आहात म्हणून मी निर्धास्त आहे. एकटी जाणार असतीस तर मला झोप लागली नसती.”

तिनं “हो” म्हटलं. फोन ठेवल्यावर त्या ‘हो’ची चव थोडा वेळ जिभेवर राहिली. प्रेमाचीच चव होती, तरीही.

सांगावं तर लागणारच होतं. पण सांगायचं म्हणजे... याआधी तीन बेत असेच पाण्यात गेले होते. एकदा मास्तरांचा डोळा, एकदा दातवालीच्या मुलीची परीक्षा, आणि एकदा काय झालं होतं ते आता कुणालाच आठवत नव्हतं — बेतच इतका सुंदर झाला होता की जायची गरज उरली नसावी. या वेळी दातवालीनं आधीच बजावलं होतं: “आता एक जरी खोट निघाली तर माझं नाव काढून टाका. मी परत नकाशा उघडणार नाही.” आणि ती बोलेल तसं वागणारी होती. सोपी वाट एकच: माथ्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त तळं नव्हतं.

मी ते तळं सोडणार नाही. हे वाक्य इतकं स्पष्ट आलं की तिनं दचकून आजूबाजूला बघितलं.

आणि मग, शेवटची बाटली धुताना — नळाखाली ब्रश आत-बाहेर, आत-बाहेर — तिला दिसलं. सायकली दोन होत्या. माणसं, सायकल चालवणारी, दोन. एकीनं या बाजूनं चढायचं, दुसरीनं त्या बाजूनं. निवाऱ्यात भेटायचं. मुक्काम, गप्पा, मास्तरांचे विनोद. आणि सकाळी... किल्ल्या बदलायच्या! मी तुझ्या बाजूला उतरते, तू माझ्या. दोघींना डोंगर, दोघींना तळं, दोघींना घरी यायला सायकल. तिनं ब्रश तसाच बाटलीत ठेवून ते तपासलं, उलटं तपासलं. कुठेही फट नव्हती. आनंदानं तिचे कान गरम झाले.

तेव्हाच तिला दुसरी गोष्ट कळली. मास्तर पायथ्यापर्यंतच्या सोप्या बसनंच येणार, आणि डोंगर दातवालीकडे, म्हणजे ते तिच्याबरोबर. मग नदीकाठचा लांबचा रस्ता, तळं, आणि पलीकडचा चढ हे सगळं तिचं एकटीचं.

इतक्या वर्षांच्या रविवारच्या सकाळी... तिला आठवली ती दातवालीची पाठ. पिवळं जाकीट, मागचा लाल दिवा, उजवीकडे किंचित झुकलेला खांदा. वळणं तिनं त्या खांद्यावरून ओळखली होती, खड्डे त्या दिव्याच्या हिसक्यावरून. पुढचा रस्ता असा तिनं कधी बघितलाच नव्हता. बघितली होती ती पाठ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना उरलेला रस्ता. आणि आता ती पाठ मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवली तर समोर एवढी जागा मोकळी झाली की... छातीत धडधडलं. भीती असावी. पण भीतीनं माणूस असं धुतलेल्या बाटल्यांसमोर हसत उभं राहत नाही.

संध्याकाळी दवाखान्यातला शेवटचा रोगी गेल्यावर दातवालीनं नेहमीप्रमाणे रोग्याची खुर्ची पूर्ण आडवी केली, तिच्यावर नकाशाचे दोन ताव पसरले आणि वरचा दिवा खाली ओढला. डोंगर उजेडात आला. मास्तर स्टुलावर होते, गुडघ्यावर चहाचा कप.

“हा सुळा नाही, दाढ आहे,” दातवाली डोंगरावर बोट ठेवून सांगत होती. “समोरून भिडायचं नाही. बाजूनं जायचं.”

“भूल देणार का त्याला?” मास्तर म्हणाले.

“तुम्हालाच देईन, गप्प बसावं म्हणून.”

तिनं खिशातून किल्ली काढली आणि दुसऱ्या तावावर, तळ्याच्या काठाशी ठेवली.

“आपण उतरलोय,” ती म्हणाली. “ही किल्ली. सायकली कुठे आहेत?”

दातवालीचं बोट लाल रेषेवरून सरकत गेलं, खिंडीपर्यंत, मग उलटं, पायथ्यापर्यंत, आणि तिथे थांबलं. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. कप खाली ठेवला. आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते खोकल्यात गेलं, खोकल्यातून परत हसण्यात.

“खिशात किल्ली आणि डोंगराला वळसा! आणि मी म्हणे बंद वक्र... पोरींनो, माझं निवृत्तिवेतन थांबवा.”

दातवाली हसली नाही. तिनं दिव्याचा दांडा धरला, जणू आता वर ढकलणार.

“म्हणजे झालं. किंवा मग वर जाऊन परत. माथ्यावरून तळं दिसेलच की.”

“दिसेल,” ती म्हणाली. “पण एक सांगू?”

तिनं सांगितलं. निळी रेषा उलटी कशी चालायची ते, निवारा, किल्ल्या. आवाज स्थिर होता. निकाल वाचून दाखवताना असतो तसा. मास्तर मान हलवत होते, आधी सावकाश, मग जोरात. “वक्र बंदच राहतो. फक्त दोन दिशांनी. अगं, हे सुंदर आहे!” आणि मग थांबून, हळू, “पण एकटी?”

बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

दातवाली तिच्याकडे बघत होती. रोग्याकडे बघायची तशी नाही. इतक्या वर्षांत आपण हिला पाठीकडूनच जास्त ओळखतो, तिच्या मनात आलं. समोरून हिचे डोळे असे, थोडे थकलेले, हे आता कळतंय... आणि माझं काय, हिला तर मी मागे असल्याची नुसती खात्री होती.

“तुझी सीट मला उंच पडेल,” दातवाली शेवटी म्हणाली.

“खाली घेता येते.”

“ब्रेक कडक आहेत तुझे.”

“सैल करून ठेवीन.”

“हं.” दिव्याच्या दांड्यावरचा हात तसाच होता, वर नाही, खाली नाही. “घरी काय सांगणार आहेस?”

तिला नवऱ्याचं ‘तिघं आहात म्हणून’ आठवलं. समोरचे दोघं हो म्हणतील की नाही, हे कळत नव्हतं. आणि त्याहून नवल म्हणजे, दोघांनी आत्ता, या क्षणी, सरळ हो म्हटलं तर पुढच्या श्वासाचं आपण काय करणार आहोत हेही कळत नव्हतं. तिनं किल्ली उचलली. तेलाचा एक लहानसा डाग तळ्यावर उमटला होता, आणि तेवढ्या जागी छापील निळा रंग गडद, ओला दिसत होता. तिनं तो पुसला नाही. बाटलीत भरलं की प्रत्येकच पाणी रंगहीन असतं, हे तिला ठाऊक होतं. रंग यायला खोली लागते, वर आभाळ लागतं, आणि काठावर कुणीतरी... लाल दोरा बोटाभोवती घट्ट होत गेला. समोर कुणाचीच पाठ नव्हती.