अडगळीच्या खोलीतली चैन

धाकटी बहीण लोकांची घरं सजवायची आणि थोरली इस्पितळात रात्रपाळीची नर्स होती. थोरलीनं पहिलं स्वतःचं घर घेतलं, तेव्हा धाकटीनं आपलं सगळं कसब पणाला लावलं. झोपायच्या खोलीची पूर्वेची अख्खी भिंत काढून तिथं काच बसवली. संगमरवराचे दिवस गेले, आता खरी चैन म्हणजे उजेड, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची.

महिन्याभरानं एका सकाळी ती आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडून आत आली. झोपायची खोली उन्हानं काठोकाठ भरली होती आणि पलंग रिकामा होता. ताई सापडली ती अडगळीच्या खोलीत, बॅगांच्या मधे गादी टाकून निजलेली.

"ताई, इथं काय करतेस?"

"झोपले होते, तू येईपर्यंत."

"आणि माझी काच?"

"काच झकास आहे गं, येईल त्याला दाखवते. पण तुझ्या सूर्याला माझी ड्यूटी कुणी सांगितलीच नाही."

धाकटीचा चेहरा पडला. वीस वर्षं दिवसा झोपणाऱ्या बहिणीला, तुला काय हवंय, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

ताईनं पांघरुणाचं टोक उचललं. "ये. दार लोटून घे."

दार लागलं. काळोख कोमट पाण्यासारखा अंगाभोवती पसरला आणि रस्त्याचे आवाज त्यात हळूहळू विरघळले. पडल्या पडल्या धाकटीनं हात लांब करून भिंत चाचपली.

"बॅगा हलवल्या तर इथं तुझा पलंग मावेल," ती पुटपुटली.

ताईला गाढ झोप लागली होती.