गुरुवारचे पाहुणे

हॉटेल ग्लेनव्हाराच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक पाटी लावलेली होती : 'आमचं वाय-फाय : अखंड आणि सुरक्षित.' पाटीवर पांढऱ्या झग्यातली एक बाई पलंगावर पसरून फोनकडे पाहत हसत होती. या हॉटेलातल्या पलंगावर आपण असं कधी हसलो होतो, हा प्रश्न असम्प्टा कुलहेनला लिफ्टमध्ये दर वेळी पडायचा. उत्तर सापडायच्या आत तिसरा मजला यायचा.

असम्प्टा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पन्नाशी उलटलेली. बरोबर बाप, मॉस. डुकराच्या मांसाच्या कारखान्यात उभं राहून त्यानं आयुष्य काढलं होतं आणि गुडघ्यांनी आता त्याचा हिशेब चुकता केला होता. घरमालकानं घर विकलं तेव्हा पालिकेनं दोघांना 'काही आठवडे' हॉटेलात ठेवलं. त्या काही आठवड्यांत दोन नाताळ येऊन गेले.

पालिका खोलीचे पैसे आठवड्यापुरतेच भरायची. म्हणून दर गुरुवारी असम्प्टानं शाळेत रजा टाकायची, अकराच्या आत खोली रिकामी करायची, सगळं सामान घेऊन बाहेर पडायचं आणि तीनला नव्यानं येऊन नाव लिहायचं. सलग राहू दिलं तर उद्या कुणी म्हणायचं, हे माझं घर. आयरिश माणूस पाहुणचारासाठी जगात नावाजलेला आहे. पाहुणा घरचा होऊ नये, एवढीच काळजी तो घेतो.

पूर्वी वाय-फायचा पासवर्ड काउंटरवर खडूनं लिहिलेला असे. तो पाववाल्यापासून समोरच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता. मग नवी व्यवस्था आली. काउंटरवरच्या कोर्मकनं ती समजावून सांगितली.

"एकदा खोली आणि नाव घातलंस की झालं बघ, असम्प्टा. लिफ्ट, जिना, जेवणघर, कुठेही जा, तुटायचं नाही. आणि तू खोली सोडलीस की तुझं सगळं आपोआप पुसलं जातं. जणू तू आलीच नव्हतीस."

"अरे वा," मॉस म्हणाला, "म्हणजे पालिकेचंच धोरण. फक्त तारेशिवाय."

कोर्मक मनापासून हसला. तो भला माणूस होता. मागच्या बाजूच्या खोल्यांतल्या, म्हणजे पालिकेनं ठेवलेल्या, लोकांनी पुढच्या दारानं येऊ नये, असा नियम होता. मॉस पुढच्या दारानं आला की कोर्मकला नेमकं काहीतरी टेबलाखाली पडलेलं उचलायचं असे.

मार्चमधल्या एका सोमवारी पालिकेचा निरोप फोनवर आला. असम्प्टा तेव्हा शाळेत बटाटे सोलत होती. हात पुसून तिनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि मग शीतपेटीच्या खोलीत जाऊन दार लावून रडून आली. नदीपलीकडे दोन खोल्यांचं घर. तळमजला. दाराशी उतार.

"उंबरा आहे का?" मॉसनं विचारलं.

"नाही."

"स्वयंपाकघराला खिडकी?"

"आहे."

"कुठे उघडते?"

"भिंतीकडे."

"चालेल. भिंत तरी आपल्याकडे तोंड करून असेल."

अट एकच होती. बापाच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरचा दाखला जोडून गुरुवारी दुपारी बाराच्या आत पालिकेच्या संकेतस्थळावर 'स्वीकार' म्हणायचं. डॉक्टरांना दाखल्यावर सही करायला सवड मिळेपर्यंत बुधवार मावळला. त्यांची सेक्रेटरी म्हणाली, "सकाळी फोनवरच पाठवते गं, कशाला हेलपाटा घालतेस?" असम्प्टाच्या फोनमधलं स्वतःचं नेट दर महिन्याला निम्म्यातच संपायचं, कारण मॉस हर्लिंगचे जुने सामने पुन्हा पुन्हा पाहायचा, निकाल माहीत असलेल्या खेळात मन लागतं, असं त्याचं म्हणणं. पण त्याची काळजी नव्हती. हॉटेलचं वाय-फाय होतंच की. अखंड.

गुरुवारी दाखला आला तेव्हा सफाईवाली चादरी ओढायला दारात उभी होती. असम्प्टानं पिशव्या बाहेर काढल्या, बापाला एका पिशवीवर बसवलं, लिफ्टचं दार पायानं अडवलं आणि उभ्या-उभ्याच रकाने भरले.

"दार मिटतंय गं," मॉस म्हणाला.

"मिटू दे. पाय माझाच आहे ना?"

"तेच तर म्हणतोय. कुटुंबात चालणारे पाय तेवढेच उरलेत."

तिनं दाखला जोडला, 'स्वीकार' दाबलं, बापाला हाताला धरून आत घेतलं. पडद्यावर चक्र फिरत होतं. लिफ्ट खाली निघाली.

खाली कोर्मकला लिफ्टचा दिवा दिसला. म्हाताऱ्याला रांगेत तिष्ठायला लागू नये म्हणून तो दर गुरुवारी करायचा तेच त्यानं केलं : ते पोचायच्या आत त्यांची खोली सोडल्याची नोंद करून टाकली.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा फोनवर पडदाभर हिरवी खूण होती आणि मोठ्या अक्षरांत 'धन्यवाद!' खाली आणखी दोन-तीन बारीक ओळी होत्या. दोन्ही खांद्यांवर संसार आणि दंडाला बाप असताना बारीक ओळी कोण वाचतं? तिनं त्या पानाचं चित्र मात्र टिपून ठेवलं. पालिकेशी व्यवहार म्हणजे पुरावा हवा.

"झालं, बाबा."

मॉसचा चष्मा पिशवीत होता. त्यानं डोळे बारीक केले. "हिरवं आहे?"

"हिरवं."

"मग आपलंच." आणि त्यानं काउंटरकडे हात केला. "कोर्मक, ऐक. आता खरोखर जातोय आम्ही!"

"जाच तुम्ही," कोर्मक म्हणाला. "परत आलात तर बघा."

पुढचा आठवडा मॉस माणसांत होता. त्यानं आपली जादा रजई शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणीला दिली. खुर्ची खिडकीशी ठेवायची की भिंतीशी, यावर तो एकटाच वाद घालायचा आणि दोन्ही बाजूंनी जिंकायचा. पालिकेकडून किल्लीचा निरोप काही येईना. पालिका म्हटल्यावर उशीर हा तब्येत ठीक असल्याचाच पुरावा, असं असम्प्टा स्वतःला समजावत राहिली.

मग पुढचा गुरुवार उगवला. अकरा ते तीन ते नेहमीप्रमाणे बाजारसंकुलात गेले. तिथे कारंज्याजवळ बाक होता आणि ऊब फुकट होती. बापाला पिशव्यांजवळ बसवून ती पालिकेत गेली. काचेमागे हॅनरहनबाई होत्या. त्यांनी नाव घातलं, पडदा पाहिला, पुन्हा नाव घातलं.

"तुमच्याकडून काहीच आलेलं नाही."

"आलं नाही कसं? हे बघा." असम्प्टानं फोन काचेला लावला.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. "'धन्यवाद! ग्लेनव्हारात राहिल्याबद्दल आभार. आपली सर्व माहिती सुरक्षितपणे पुसून टाकण्यात आली आहे. पुन्हा अवश्य या.'" त्यांनी वर पाहिलं. "हे आमचं नाही हो."

"हिरवी खूण आहे."

"आमची निळी असते," त्या म्हणाल्या. डॉक्टर बातमी सांगतात तशा, अगदी मऊ आवाजात.

"मग आत्ता करते. आत्ता, तुमच्यासमोर."

"घर शुक्रवारीच दुसऱ्यांना दिलं. आणि..." बाईंनी पडद्याकडेच बघत म्हटलं, "मुदतीत उत्तर आलं नाही तर तो नकार धरतात. नकार दिलेल्यांना वर्षभर यादीतून वगळतात. तसा नियम आहे."

"मी नकार दिला नाही."

"मला कळतंय हो."

"तक्रार कुठे करायची?"

"संकेतस्थळावर," हॅनरहनबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांनी डोळे खाली घेतले.

परतताना पूल आला. असम्प्टा पुलावर थांबली नाही. थांबली असती तर नदीकडे बघावं लागलं असतं, आणि नदीपलीकडेही.

मॉसच्या मांडीवर रंगाच्या दुकानातलं नमुन्यांचं कार्ड होतं. "हा पिवळा बघ," तो म्हणाला. "नावाला लोणी आहे. दिसतो कावीळ झाल्यासारखा. पण खिडकी भिंतीकडे उघडते म्हटल्यावर..."

"बाबा, घर गेलं."

तिनं सगळं सांगितलं. हिरवी खूण, निळी खूण, लिफ्टमध्येच तुटलेलं वाय-फाय, शुक्रवार. वर्षाचं तेवढं सांगितलं नाही. त्यानं कार्डाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"कोर्मकला कळू देऊ नकोस," तो म्हणाला. "भल्यासाठी केलं त्यानं."

"नाही सांगत."

"कुणाला मिळालं?"

"सांगत नाहीत."

"कुणीतरी म्हातारं असेल घरात. उतार आहे म्हटल्यावर असेलच." तो कारंज्याकडे बघत राहिला. "नसेल तर मात्र हरामखोरपणा आहे."

अडीच वाजून गेले. नाव लिहिताना दोघांनीही काउंटरशी हजर असावं लागे. एक जण कमी दिसला की खोली हातची जायची. असम्प्टानं पिशव्या खांद्याला लावल्या.

"उठा, बाबा."

"तू जा."

"असं काय करता? चला."

"मी बसतो इथे. इथे बरं आहे. कुणी या म्हणत नाही, कुणी जा म्हणत नाही."

"नऊला कुलूप लावतात इथे."

"मग नऊपर्यंत बरं आहे."

तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याच्या शेजारी बसली. समोरून माणसं आपापल्या घरी न्यायच्या वस्तू घेऊन जात होती : झाडू, दिवा, गुंडाळलेली सतरंजी. झाडू घेतलेल्या माणसाकडे इतकं टक लावून बघू नये, हे तिला कळत होतं.

"पुढचं कधी निघेल?" मॉसनं विचारलं.

"लवकरच. उन्हाळ्यापर्यंत. स्टेशनमागे बांधतायत. तळमजलाच म्हणाल्या बाई."

"आपल्यावर काही दंडबिंड नाही ना लावला?"

"छे. दंड कसला?"

मॉसनं तिच्याकडे नीट पाहिलं. कारखान्यात जनावर पाहायचा तसं, एका नजरेत वजनासकट.

"तुला लहानपणीही कधी जमलं नाही हे," तो म्हणाला, आणि ओढून उठवण्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

ती समोर उभी राहिली, पाय रोवले आणि ओढलं. पहिल्या खेपेला तो उठला नाही. त्यानं नीट प्रयत्नच केला नव्हता. दुसऱ्या खेपेला त्यानं केला.