सरासरी आठ दिवस

पुंजाजींनी उंदराची चार गुलाबी पिल्लं तळहातावरून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सोडली. आतली पांढरी मादी कधी व्यालेली नव्हती. पिल्लांचा वास घेऊन ती दुसऱ्या टोकाला पळाली.

"पळाली पाहा. आपली नाहीत म्हून?"

"वासाला बिचकते," मी म्हणालो. "विताना आईच्या अंगात जी संप्रेरकं वाढतात, ती हिच्यात नाहीत. तरी रोज पिल्लं जवळ ठेवली, की एक दिवस उचलून घरट्यात नेते."

"बिना व्याल्याची माय?"

"हो. मेंदूच्या तळाशी, पुढच्या बाजूला एक लहानसा भाग असतो. नराची जुगण्याची ओढही तिथलीच. तो जागा झाला, की झालं."

"किती दिस लागतात?"

"आठ."

१९७५ साल. मी खामगावच्या कॉलेजात नुकताच लागलो होतो. पुंजाजी प्रयोगशाळेतले शिपाई. बारा वर्षं उंदरांचं सगळं तेच बघत. त्यांनी दिवस का विचारले, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या धाकट्या भावाची बायको बाळंतपणात गेली होती. तान्ही मुलगी त्यांनी घरी आणली होती. शेजारच्या गीताबाई तिला पाजत. पण पुंजाजींची बायको शालूबाई तिला हात लावत नव्हती.

"तीन लेकरं गेली आमची," ते म्हणाले. "म्हन्ते, म्या घेतलं त हे बी जाईन. काल पोरीची आजी आली अमडापूरहून, रुक्मिणीबाई. म्हने, जे बाई हात लावत नाही, तिच्या घरी नात ठेवू कशी? म्या म्हनलं, आठ दिस द्या. आमच्या सरायनं सांगतलं हाय."

तेव्हा बोलायला हवं होतं. आठ ही सरासरी होती. एखादी मादी चौथ्या दिवशी उचलते, एखादी पंधराव्या. पण माझ्या शब्दावर कुणी मुदत मागितली, याचं मला बरं वाटलं.

रोज सकाळी ते दोन्हीकडची बातमी देत. "इथली जवळ बसून राह्यली. तिथली पाठ करून झोपते." सहाव्या दिवशी म्हणाले, "पाळन्याले झोका देल्ला तिनं. पायानं. पाह्यलं नाही." सातव्या दिवशी इथल्या मादीनं चारही पिल्लं तोंडात धरून घरट्यात नेली. पुंजाजी कितीतरी वेळ पिंजऱ्यापाशी उभे होते.

आठव्या दिवशी रुक्मिणीबाई मुलीला घेऊन गेल्या. शालूबाई चुलीपुढून उठली नाही.

दहाव्या दिवशी पुंजाजी पहिल्यांदाच उशिरा आले.

"सर, आज सुटी पाह्यजे. पाहटपासून कुंची शिवून राह्यली ते. म्हन्ते, चाला, पोरीले आनू."

संध्याकाळी मी स्टँडवर गेलो. अमडापूरची एसटी आली. पुंजाजी आधी उतरले.

"देल्ली नाही," ते म्हणाले. "मांडीवर घेऊ देल्ली घडीभर. आता मामी पाजते तिले. म्हने, लेकरू किती घरं फिरवू? आठ दिस तुमीच मांगतले होते न, पाव्हने."

मी त्यांना सरासरी काय असते ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आधी सांगतलं असतं, सर, त म्या महिना मांगतला असता."

मागून शालूबाई उतरत होती. उजव्या हातानं तिनं दांडा धरला होता. डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला होता, तान्ह्याचं डोकं सांभाळावं तसा. पुंजाजींनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि त्या हाताला धक्का लागू नये म्हणून तिच्या उजवीकडून चालू लागले.