रिमवरचं तेल

माझ्या हातून चूक होत नाही, असं मी वीस वर्षं पेठेत छाती ठोकून सांगत आलो होतो. शिवाजी पेठेत माझं लेथचं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, बिद्रीकडच्या गुऱ्हाळवाल्यांच्या घाण्याच्या पिना, सगळं माझ्या हाताखालून जातं. सूतभर फरक निघाला तर माल परत घेईन, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो आणि अजून कुणी परत आणलेला नाही. लोक म्हणतात, महांतेशला गर्व आहे. आहेच. ज्याचं काम चोख, त्यानं गर्व करायचा नाही तर कुणी करायचा?

साल दोन हजार चार. माझी पोरगी शांभवी तेव्हा पंधरा वर्षांची होती, नववीत. पेठेतली पोरं फुटबॉलपायी वेडी आणि आमची ही सायकल ढकलत डोंगर चढायची, ती निव्वळ उतरण्यासाठी. रस्त्यानं नव्हे, पायवाटेनं, दगडधोंड्यांतून. या शर्यतीत एकेकानं सुटायचं असतं. वर घड्याळ लावतात, खाली बंद करतात, ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो पहिला. एवढा साधा खेळ, पण पाहुण्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. "पोरीला डोंगरावरनं ढकलून देताय व्हय?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "तुमची पोरं सपाटीवर पडत्यात, माझी निदान डोंगरावरनं पडती."

दुकानातून आणलेल्या सायकलीचा पुढचा चिमटा दुसऱ्याच महिन्यात वाकला. मग मी हात घातला. चिमटा नवा केला, पुढचा आस जाड केला, हँडल दोन इंच रुंद केलं. शांभवी शाळा सुटली की वर्कशॉपात स्टुलावर येऊन बसायची आणि पायवाटेचं वर्णन करायची. कुठं दगड आहे, कुठं मुळी आडवी आली आहे, कुठं चाक उडतं. ते ऐकून मी काय जाड करायचं, काय हलकं करायचं ते ठरवायचो. त्या बोलण्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही, हे मी खुशाल कबूल करतो.

माझ्या बायकोला, महादेवीला, यातलं काही पटत नव्हतं. श्रावणात सराव करताना शांभवी पडली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना महादेवीनं पोरीची वेणी घातली, आंघोळ घातली, घास भरवला. हात गळ्यातून निघाला त्या दिवशी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"आता ही एकदा पडली की सायकल बंद," ती म्हणाली. "गगनबावड्याच्या शर्यतीला जाऊ द्या, मी बी येतो बघायला. पडली, तर तितनंच सायकल भंगारात. कबूल हाय?"

शांभवी म्हणाली, "कबूल, अव्वा." मीही म्हणालो. महादेवीचा शब्द म्हणजे लेथवर लोखंड पकडणारा चक, एकदा आवळला की काही हलत नाही.

शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. आदल्या दिवशी दसरा, त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊनपुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू लावून पूजेला लागतात आणि दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. माझ्याकडे केरबा कामाला आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पेठेतलाच. आम्ही दोघांनी लेथ पुसला, ड्रिल पुसलं, व्हाइस पुसला. मग मी शांभवीची सायकल आणून लेथच्या शेजारी उभी केली. माझ्या हातचं जे जे फिरतं ते पूजेला लागलं पाहिजे. तेलाची चिंधी घेऊन मी चिमटा पुसला, साखळी पुसली आणि दोन्ही रिमवरूनही हात फिरवला. रिमा अशा चमकायला लागल्या की मलाच कौतुक वाटलं.

केरबा म्हणाला, "मालक, रिमला बी?"

"तू मला शिकवू नगंस," मी म्हणालो.

 मी हँडलला झेंडूचा हार घातला, लिंबू बांधलं, ऊद फिरवला. दसऱ्याला संध्याकाळी घरी माणसांची रीघ लागली, सायकल बाहेर काढायला सवडच मिळाली नाही. शर्यतीच्या दिवशी पहाटे ती हारासकट टेम्पोत चढवली आणि केरबानं गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लावली. मी वाटेत शांभवीला सांगत होतो, "उतारावर जोर सगळेच लावत्यात. तू ब्रेकवर ध्यान दे. तुझ्यासारखे ब्रेक पुण्याच्या पोरांकडं बी नसणार." माझ्या आवाजात काय रुबाब होता, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

वर पोचलो तेव्हा धुकं होतं. पठाराच्या कडेवर एक चहाचं खोपट, त्याच्यासमोर चुन्याची रेघ. तिथून पायवाट सुटायची ती खाली शाळेच्या मैदानापर्यंत. ऋतुराज नावाचा, शर्यत भरवणाऱ्या क्लबचा तरुण सगळं बघत होता. एकोणीस जण उतरणार होते आणि त्यांत पोरगी एकटी आमचीच. ऋतुराज म्हणाला, खऱ्या फेरीआधी प्रत्येकानं पहिल्या वळणापर्यंत एकदा जाऊन बघा.

शांभवी सुटली. वळण आलं, तिनं ब्रेक दाबले, पण सायकल तशीच पुढं गेली. तिनं हँडल गवतात घातलं, दोन्ही पाय जमिनीला लावले आणि करवंदीच्या जाळीला टेकून कशीबशी थांबली. पडली नाही. सायकल ढकलत ती वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता.

"आप्पा, ब्रेक लागंना," ती म्हणाली. "दाबतोय, पर रबर नुसतं सरकतंय."

मी रिमवर बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. ब्रेकची रबरं त्याच रिमला घासतात आणि त्याच घासण्यानं चाक थांबतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मी, पेठेत मिरवणारा, माझ्याच हातानं तिथं तेल पुसून बसलो होतो.  शेजारी केरबा उभा होता. त्यानं "मी म्हणलो हुतो" असं एका शब्दानंही म्हटलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

"मी पुसलं," मी शांभवीला म्हणालो. "पूजेच्या वक्ताला. तेल मीच लावलं. केरबानं टोकलं हुतं, मी ऐकलं न्हाय."  "तू उतरू नगंस. चल घरी."

मी खरंच घाबरलो होतो. पोर पडली असती तर खाली दगडच होते, आणि त्याला कारण फक्त मी झालो असतो. हाड मोडलं तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो, कारण तेव्हा चूक माझी नव्हती.

शांभवी माझ्याकडं बघत म्हणाली, "आप्पा, चूक सापडली न्हवं? मग आता कशाला भ्यायचं? तेल काढूया."

"कशानं काढायचं? हितं पेट्रोल न्हाय, रॉकेल न्हाय. चिंधीनं पुसून तेल जात न्हाय."

महादेवी इतका वेळ टेम्पोला टेकून उभी होती. मला वाटलं, आता ती म्हणणार, बरं झालं, चला. तिला हवं होतं ते मीच तिच्या हातात दिलं होतं. ती चहाच्या खोपटात गेली आणि तिथल्या चुलीतली राख पत्र्याच्या डब्यात भरून आली. येता येता तिनं हँडलला बांधलेलं पूजेचं लिंबू ओढून काढलं.

"सायकल उलटी करा," ती म्हणाली.

"अगं, ते पूजेचं लिंबू—"

"पूजा पोरीसाठीच किलती न्हवं? मग पोरीलाच लागू द्या. उलटी करा म्हणलं की."

केरबानं सायकल उलटी केली. महादेवीनं पदर खोचला, दातानं लिंबू फोडलं, ओंजळभर राख रिमवर थापली आणि घासायला बसली. तूप लागलेली पितळी परात घासतात तशी. केरबा चाक हळूहळू फिरवत होता, ती घासत होती. राख काळी व्हायची, ती झटकायची, नवी घ्यायची, लिंबू पिळायची. एक बाजू झाली की दुसरी, पुढचं चाक झालं की मागचं. बाकीचे स्पर्धक कोंडाळं करून बघत होते. कुणी तरी हसलं. महादेवीनं वर बघितलं आणि तो मागं सरकला.

मला निदान रबरं तरी साफ करायची होती. ती काढली आणि तिथल्याच जांभ्या दगडावर घासली. खरखरीत जांभा, त्याच्यापुढं माझी कानस काय. तेल प्यालेला वरचा थर निघून आतलं कोरडं रबर लागेपर्यंत घासली. बोटांची सालं गेली, पण त्या वेळी ते बरंच वाटलं.

मग सायकल सुलटी झाली. महादेवी स्वतः ती धरून उताराला चालत निघाली आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. तिनं परत ढकलली, परत दाबला. असं पाच वेळा केलं. माझ्यावर तिचा भरवसा उरला नव्हता.

"जायचंय तुला?" तिनं शांभवीला विचारलं.

"जायचंय."

"अगं, नगं," मी म्हणालो. "माझा जीव थाऱ्यावर न्हाय."

"तुमी भ्यालाय म्हणून तिनं का थांबायचं?" महादेवी म्हणाली. "मी तिसऱ्या वळणावर जाऊन थांबतो. तितंच लई घसरडं हाय म्हणत्यात." आणि चपला हातात घेऊन ती पायवाटेनं खाली उतरायला लागली. सायकल बंद करायला निघालेली बाई. 

खाली घड्याळ धरायला येणाऱ्या ऋतुराजला टेम्पोत घेऊन मी आणि केरबा रस्त्यानं वळसा घालून शाळेच्या मैदानात पोचलो. शांभवीचा नंबर चौदावा होता. एकेक पोरगा चिखलानं माखून येत होता. दोघं आलेच नाहीत, त्यांना आणायला माणसं गेली. तेरावा आला. वर शिट्टी वाजली. मी केरबाचा दंड धरला होता, हे मला त्यानं नंतर सांगितलं.

मग धुक्यातून आधी साखळीचा खडखडाट आला आणि मागून ती आली. हँडलवर वाकलेली, कोपरं बाहेर, नजर पुढच्या दगडावर. शेवटच्या उडीला तिनं चाक उचललं, सरळ खाली टेकवलं, रेघ ओलांडली आणि दोन्ही ब्रेक दाबले. सायकल माझ्या पायापासून हातभर अंतरावर थांबली. ऋतुराजनं घड्याळ बघितलं आणि वेळ मोठ्यानं सांगितली. तोपर्यंतची चौथी. मागून पाच जण आले, पण तिला कुणी मागं टाकलं नाही. एकोणीस जणांत चौथी. केरबानं डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली.

नंतर तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मालक, डावी बाजू बघा."

"बघितली," मी म्हणालो.

खांद्यापासून बुटापर्यंत पोरीची डावी बाजू तांबड्या चिखलानं भरली होती. कोपर सोललं होतं. हँडलची डावी मूठ फाटली होती आणि तिच्यात गवत अडकलं होतं. उजवी बाजू जवळपास कोरडी होती.  शांभवी पायवाटेकडं बघत उभी होती.

अर्ध्या तासानं महादेवी आली. हात अजून राखेनं काळे. शांभवी पुढं झाली. "अव्वा, मी—"

"केस सुटल्यात तुझं. हिकडं ये आधी."

दिलेला शब्द होता. विचारणं मला भागच होतं. मी विचारलं, "तू तिसऱ्या वळणावर हुतीस. पडली का ही?"

महादेवीनं माझ्याकडं सरळ बघितलं. "मी तितंच हुतो. माझ्या डोळ्यांदेखत गेली. पडलीबिडली न्हाय कोण."

मग तिनं पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि पोरीच्या कोपरात रुतलेले खडे एकेक करून काढायला लागली. शांभवीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "ब्रेक चांगला लागला, अव्वा. उठल्यावर बी."

"लागणारच की. लगीन झाल्यापास्नं भांडी घासतोय मी."

मी सूतभराचा फरक नुसत्या डोळ्यानं ओळखणारा माणूस आहे. त्या दिवशी मला हातभर चिखल दिसला नाही.

केरबानं सायकल उचलली. "मालक, कुठं घ्यायची? भंगारात?"

"वर्कशॉपला. मूठ बदलायची हाय. रबरं नवी घालायची हायत."

महादेवीनं मान वर केली नाही. कोपरातला शेवटचा खडा काढून तिनं तो बाजूला टाकला आणि म्हणाली, "आन् येत्या खंडेनवमीला सायकलची पूजा मी करणार. तुमी तेलाची चिंधी घेऊन तिच्याजवळ बी यायचं न्हाय."