तिसरी फेक

देवूची दुसरी फेकही बाद धरली, तेव्हा सुगंधा पंचावर नाही, भागीवर कडाडली. "तुला खुर्ची धरायला कोणी सांगितलं?"

"हलत व्हती," भागी म्हणाली. "पडला असता ना तो."

"पडू द्यायचा होता. दुसऱ्याचा हात लागला की फेक बाद. आता एकच राहिली."

भागीने तरी वेगळं काय केलं होतं? दोन वर्षांमागे ताडी काढताना तिचा नवरा देवू ताडावरून खाली आला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ती त्याला धरूनच होती. चिंचणीची सुगंधा स्वतः व्हीलचेअरवरची. दर मंगळवारी ती रिक्षाने त्यांच्या पाड्यावर यायची आणि आधी भागीचे हात सोडवायची. खाटेवरून खुर्चीत आपलं आपण कसं सरकायचं, बसून बसून जखम होऊ नये म्हणून काय बघायचं, हे तिने देवूला शिकवलं. मग बसून गोळा फेकायला शिकवलं. गोळा सहा मीटर गेला तर राज्याच्या स्पर्धेला नाव. ताड चढलेले दंड होते ते, त्यांना आता कुठे पुन्हा काम मिळालं होतं.

फेकीची लोखंडी खुर्ची मातीत खुंट्या ठोकून बांधतात. पालघरच्या या संयोजकांनी मात्र फेक मैदानावरून हलवून मंडपासमोरच्या सिमेंटवर आणली. का, तर पाहुण्यांना स्टेजवरून नीट दिसलं पाहिजे आणि त्यांच्या बुटांना चिखल लागता कामा नये. स्पर्धा अपंगांची आणि काळजी बुटांची.

"सिमेंटात खुंटी ठोकू कशी?" सुगंधाने सकाळपासून तीनदा विचारलं होतं.

"ॲडजस्ट करा ना मॅडम," एवढंच उत्तर.

रागाने देवूची मान ताठली होती. "भागे, टेंपोतला दोर आन," तो म्हणाला.

मंडपाच्या पुढच्या दोन खांबांच्या मधोमध त्याने खुर्ची घ्यायला लावली आणि ती दोन्ही खांबांना दोराने स्वतः बांधली. ताडावर याच गाठींवर त्याने पंधरा वर्षं जीव सोपवला होता. पडला तेव्हा पाय घसरला होता, गाठ सुटली नव्हती.

संयोजक धावत आला. "अरे, मंडप येईल खाली. वर साहेब बसलेत."

"मंग साहेबांना उतरवा. मी तं नाय उतरत."

पंचाने नियम चाळले. बांधायला मनाई नव्हती.

गोळा सुटला तसा मंडप करकरला आणि साहेबांच्या नावाचं बॅनर एका कोपऱ्यातून लोंबलं. भागी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून उभी होती. टेप लागली. सहा मीटर, वर अकरा सेंटीमीटर. सुगंधाने तो आकडा पंचाकडून दोनदा वाचून घेतला.

लगेच चार जण देवूला उचलून स्टेजवर न्यायला सरसावले.

"हात नको लावू कोनी," देवू म्हणाला. "फोटो पायजे तं हितं या."

साहेब पायऱ्या उतरून आले आणि हसरं तोंड करून शेजारी उभे राहिले. संयोजक वाकून देवूच्या कानाशी आला. "तेवढा दोर सोडू या आधी. फोटोत बरं दिसत नाही."

देवूने गाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "दिसू दे."